मांजराचा मधुमेह आणि घरची व्यवस्था : एक आढावा

परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेले पिंगळी हे गाव जनावरांच्या दुखण्याविषयी मुळीच अनभिज्ञ नाही. लाल कंधारी बैलाचा खूर, म्हशीची कास, पावसाळ्याच्या तोंडी शेळ्यांना लागणारी हगवण यांची पारख या भागातील शेतकऱ्याला पिढीजात असते. आणि दुखणे हाताबाहेर गेलेच तर जिल्ह्याच्या ठिकाणी, १९७२ साली स्थापन झालेल्या व आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत असलेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे चिकित्सालय आहे. या सगळ्या व्यवस्थेच्या दप्तरात मांजराची मात्र फारशी नोंद कधी झाली नाही. उंदीर मारावेत, उरलेसुरले दूधभाकरीचे खावे आणि एके दिवशी दिसेनासे व्हावे, हाच त्याचा शिरस्ता. परंतु ज्या घरांत मांजर आता अंगणातून माजघरात आले, ज्याची नसबंदी झाली, ज्याला पाकिटातले दाणे मिळू लागले आणि जे त्यामुळे दहा-बारा वर्षे जगू लागले, त्या घरांत माणसांचा एक रोग त्याच्याही वाट्याला येऊ लागला आहे. तो रोग घरीच, रोज दोनदा सुई टोचून व खाणे सांभाळून, आवरता येतो काय आणि येत असल्यास कोणत्या रीतीने, याविषयी गेली सुमारे पंचवीस वर्षे पशुवैद्यकांत जी चर्चा चालली आहे तिची आजची स्थिती नोंदवणे, आणि पिंगळीसारख्या गावच्या घराला तिच्यातले किती लागू पडते हे तपासणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

मधुमेहाची ओळख आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये रोग्याच्या देहाकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात हे लक्षण नमूद आहे, आणि ज्या कोपऱ्यात मांजर लघवी करते तेथे मुंग्यांची रांग लागलेली दिसली तर ते आजही दुर्लक्षिण्याजोगे नाही. उपचार मात्र शंभर वर्षांच्या आतबाहेरचा आहे. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्शुलिन हाती आणले, पुढच्याच जानेवारीत ते पहिल्या मानवी रोग्यास टोचले गेले, आणि त्यानंतर सहा दशके जगातील मधुमेही माणसे गायीच्या व डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर जगली. १९८२ पासून जीवाणूंकरवी बनवलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले व प्राणिज इन्शुलिन हळूहळू मागे पडले. माणसाच्या दृष्टीने ही निखळ प्रगती होती. मांजराच्या दृष्टीने तिला एक विपरीत बाजू आहे. मांजराचे इन्शुलिन गायीच्या इन्शुलिनपासून केवळ एका अमिनो आम्लाने वेगळे आहे, डुकराच्या इन्शुलिनपासून तीन आणि माणसाच्या इन्शुलिनपासून चार अमिनो आम्लांनी. म्हणजे मांजराला सर्वांत जवळचे असलेले औषधच माणसांच्या सोयीसाठी बाजारातून गेले. सुदैवाने मानवी इन्शुलिन मांजरालाही चांगले चालते, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे.

हा रोग मांजरांत किती आढळतो? ब्रिटनमधील विमा उतरवलेल्या मांजरांच्या एका पाहणीत २३० मांजरांमागे एक मधुमेही निघाले. हा आकडा विलायतेच्या घरबसल्या, लठ्ठ मांजरांचा आहे आणि तो जसाच्या तसा मराठवाड्यास लावणे योग्य होणार नाही. पण लठ्ठपणा, वाढते वय, खच्ची केलेला बोका, घरातले निष्क्रिय जीवन आणि खाजेसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने ही जी कारणे तेथे सापडली, ती येथेही नवी राहिलेली नाहीत.

रोगाचे स्वरूप

कुत्र्याचा मधुमेह आणि मांजराचा मधुमेह यांची गल्लत ही या विषयातील बऱ्याच जुन्या गैरसमजांची जननी आहे. कुत्र्याच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशी बहुधा कायमच्या नष्ट होतात व त्याला आयुष्यभर सुई लागते. मांजराचा रोग बव्हंशी माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो: शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते, पेशी अधिकाधिक राबून थकतात, त्यांच्याभोवती अमायलॉइड नावाचे द्रव्य साचते, आणि रक्तात चढून राहिलेली साखर स्वतःच त्या पेशींना विषासारखी बाधते. मात्र ही साखर वेळीच उतरवली तर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागू शकतात. यातूनच उपशमाची, म्हणजे इन्शुलिन बंद करूनही साखर काबूत राहण्याची, शक्यता उत्पन्न होते, आणि पुढील बहुतेक वाद या एका शक्यतेभोवती फिरतात.

लक्षणे माणसांसारखीच: पाणी फार, लघवी फार, भूक फार आणि तरीही अंग झडत जाणे. एक लक्षण मात्र खास मांजराचे आहे. मागच्या पायांच्या नसा बिघडून ते बोटांऐवजी टाच टेकून चालू लागते, आणि पायरीवर सहज उडी मारणारे जनावर पायरीपाशी घुटमळते. निदानाच्या बाबतीत एक सावधगिरी सर्वमान्य आहे. पोत्यात घालून, बसने वा रिक्षाने परभणीस नेलेल्या भेदरलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीनेही तीनशेपर्यंत चढू शकते. म्हणून एका मोजणीवर निकाल न देता मागील एक ते तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी, किंवा घरी धरलेल्या लघवीतील साखर, यांचा आधार घ्यावा असे सांगितले जाते.

इन्शुलिन कोणते आणि सुई कोणती

मांजराचे शरीर इन्शुलिन फार लवकर संपवते. माणसात दिवस भागवणारे इन्शुलिन त्याला अर्धा दिवसही पुरत नाही, आणि म्हणून दर बारा तासांनी एक याप्रमाणे दोन मात्रा याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो जातीविषयी. मध्यम मुदतीचे आयसोफेन इन्शुलिन मांजरात आठेक तासांत ओसरते, त्यामुळे ते बहुतेकांनी बाजूस सारले आहे. डुकराचे लेन्टे इन्शुलिन युरोपात दीर्घकाळ प्रथम पसंतीचे होते. प्रोटामाइन-जस्तयुक्त इन्शुलिन २००९ पासून अमेरिकेत मांजरांसाठी म्हणून विकले जाते. आणि ग्लार्जिन हे मूळचे माणसांचे दीर्घ मुदतीचे इन्शुलिन गेल्या दोन दशकांत अनेकांच्या मते अग्रस्थानी आले आहे. ग्लार्जिनचे समर्थक त्याच्या संथ, सपाट परिणामाकडे बोट दाखवतात. लेन्टेचे समर्थक म्हणतात की नियमित मात्रा आणि योग्य आहार असेल तर फरक फारसा राहत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, उपशमावरील सर्व अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका परीक्षणाने असा निष्कर्ष काढला की उपलब्ध पुरावा एकंदरीत कमकुवत आहे व कोणत्याही एका इन्शुलिनची श्रेष्ठता त्यातून निर्विवाद सिद्ध होत नाही. हा निष्कर्ष आजही फारसा शिळा झालेला नाही.

पिंगळीच्या दृष्टीने हा वाद काहीसा दुय्यम आहे, कारण येथे प्रश्न कोणते इन्शुलिन उत्तम हा नसून औषधांच्या दुकानात कोणते मिळते हा आहे. गावच्या दुकानात सहसा माणसांसाठीची मिश्र, तीस-सत्तरची कुपी मिळते. ती मांजराला सोयीची नाही, कारण तिच्यातील जलद भाग साखर एकदम खाली ओढतो. ग्लार्जिन जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. आणि येथेच, घरच्या उपचारातील सर्वांत घातक चूक दबा धरून बसलेली असते.

भारतात मानवी इन्शुलिनची साधी कुपी एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची असते. ग्लार्जिन १०० युनिटचे. सिरिंजाही दोन तऱ्हेच्या: लाल टोपणाची चाळीसची, नारिंगी टोपणाची शंभरची. ग्लार्जिन घरात आणले आणि घरच्या आजोबांची लाल टोपणाची सिरिंज उचलली, तर एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलेल्या औषधात प्रत्यक्षात अडीच युनिटे येतात. सत्तर किलोच्या माणसाला दीड युनिटाचा फरक कळणारही नाही. चार किलोच्या मांजराला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांप्रमाणे सुरुवात करावयाची ती किलोमागे पाव ते अर्धे युनिट, म्हणजे एकंदर एक ते दोन युनिटे प्रतिवेळी; त्याला अडीचपट मात्रा जीवघेणी ठरू शकते. शंभरच्या मोठ्या सिरिंजेवर अनेकदा दोन-दोन युनिटांनी रेघा असतात, बहुतेक पेनमध्ये एका युनिटाखाली जाता येत नाही, आणि ग्लार्जिन पाण्यात पातळ करून वापरणे वर्ज्य आहे. म्हणून ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटाच्या रेघांची नारिंगी टोपणाची सिरिंज मिळवणे यावर, माझ्या मते, इन्शुलिनच्या जातीच्या निवडीपेक्षा अधिक लक्ष खर्चावे. कुपी आणि सिरिंज एकाच डब्यात, माणसांच्या औषधांपासून वेगळ्या ठेवाव्यात, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी तशी नाही.

टोचण्याच्या जागेविषयी लहानसा मतभेद आहे. मानेवरची सैल कातडी धरण्यास सोपी, परंतु तेथील रक्तप्रवाह मंद. म्हणून काहीजण बरगडीच्या किंवा कुशीच्या बाजूस टोचावे म्हणतात. टोचताना सुई कातडीतून आरपार जाऊन औषध केसांत सांडल्याची शंका आली तर पुन्हा टोचू नये, याबाबत मात्र सर्वांचे एकमत आहे. एक मात्रा चुकल्याने मांजर सहसा दगावत नाही. दुप्पट मात्रेने दगावू शकते.

कडक की सैल

खरा वाद येथे आहे. २००९ साली रूंप आणि रँड यांनी जर्मनभाषक पालकांच्या ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे पालक घरीच दिवसातून अनेकदा साखर मोजत, ग्लार्जिनची मात्रा बारीक-बारीक वाढवत, आणि साखर निरोगी मांजराइतकी, म्हणजे शंभराच्या आत, ठेवण्याचे लक्ष्य बाळगत. ६४ टक्के मांजरांना उपशम मिळाला. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ज्यांच्यावर हा कडक क्रम सुरू झाला त्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते, उशिरा सुरू झालेल्यांत ३५. साखर अति उतरून प्रत्यक्ष लक्षणे दिसण्याचे प्रसंग विरळच आले. या आकड्यांनी एक पिढी प्रभावित झाली, आणि लवकर व कडक नियंत्रण हे जणू ब्रीद बनले.

दुसरा पक्ष म्हणतो की त्या पालकांचा उत्साह, वेळ आणि साधने सर्वसामान्य घरांत गृहीत धरता येत नाहीत. तुलनेसाठी सैल नियंत्रणाचा गट त्या अभ्यासात नव्हता. आणि मांजर पाणी कमी पिऊ लागले, वजन धरू लागले, उड्या मारू लागले, तर साखर अधूनमधून अडीचशेवर गेली म्हणून काही बिघडत नाही. अमेरिकेतील पशुचिकित्सालयांच्या संघटनेची २०१८ ची मार्गदर्शिका साधारण याच बाजूस झुकते: आकड्यांपेक्षा लक्षणे, आणि उंच साखरेपेक्षा खाली गेलेल्या साखरेचे भय अधिक. दोन्ही पक्षांत हेतूचा भेद आहे. एकाला रोग घालवायचा आहे, दुसऱ्याला मांजर आणि घर दोन्ही निभावून न्यायची आहेत.

घरी साखर मोजणे हे मात्र दोघांनाही मान्य आहे. कानाच्या कडेने जी बारीक शीर जाते तिच्याशेजारी, कान कोमट कापडाने शेकून व मागे कापसाचा बोळा धरून, टोचणी लावली असता ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एक थेंब वर येतो, आणि मोजपट्टीला तेवढा पुरतो. पहिल्या काही दिवसांनंतर बहुतेक मांजरे याला सुईइतकाही विरोध करत नाहीत. माणसांसाठीचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवते. ही चूक सुरक्षिततेच्या बाजूची असली तरी तिचे प्रमाण यंत्रागणिक वेगळे, म्हणून एकच यंत्र वापरावे आणि आकड्यापेक्षा त्याचा कल पाहावा. अलीकडे माणसांच्या दंडावर लावावयाची चौदा दिवसांची संवेदकपट्टी मांजराच्या मुंडण केलेल्या कुशीवरही लावतात. तिचा खर्च आणि मांजराची ती ओरबाडून टाकण्याची वृत्ती या तिच्या मर्यादा.

साखर साठाच्या खाली गेली, मांजर लडखडू लागले, डोळे विस्फारून एकटक पाहू लागले किंवा त्याला झटके आले, तर मध किंवा साखरेचा दाट पाक हिरड्यांना चोळावा, शुद्धीवर असल्यास खायला द्यावे आणि तडक पशुवैद्याकडे न्यावे. परभणी जवळ असली तरी मध्यरात्री ती जवळ नसते. आणि एवढ्याच कारणाने, जेथे मोजपट्ट्या रोज परवडत नाहीत त्या घरात मी सैल पक्षाची बाजू घेईन. उपशमाची संधी काहीशी कमी होईल. पण निजलेल्या घरात पहाटे तीन वाजता साखर उतरली तर ते पाहणारे कोणी नसते.

मात्रा वाढवूनही साखर उतरत नसेल तर दोष घराच्या माथी मारण्याची घाई करू नये. ब्रिटनमध्ये १,२२१ मधुमेही मांजरांच्या तपासणीत सुमारे चौथ्या हिश्श्यात वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेक हेच मूळ कारण असावे असे दिसले. ही गोष्ट येथे क्वचितच तपासली जाते.

खाणे काय आणि केव्हा

मांजर हे नाइलाजाचे मांसाहारी आहे. रानटी व भटक्या मांजरांच्या नैसर्गिक भक्ष्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी पिष्टमय पदार्थांचा वाटा दोनच टक्क्यांच्या आसपास असतो, आणि पिष्टाची साखर पचवणारी यकृतातील ग्लुकोकायनेजची यंत्रणा मांजरात जवळजवळ निद्रिस्त असते. पाकिटातील कोरड्या दाण्यांत हाच वाटा सर्रास तीस-चाळीस टक्के भरतो. २००६ साली ६३ मधुमेही मांजरांच्या एका अभ्यासात कमी पिष्टाच्या डबाबंद अन्नावर ६८ टक्के, तर मध्यम पिष्टाच्या, चोथायुक्त अन्नावर ४१ टक्के मांजरांचे इन्शुलिन चार महिन्यांत सुटले. त्यापूर्वी माणसांप्रमाणे मांजरालाही चोथा भरपूर द्यावा असे मत होते. लठ्ठ मांजराचे पोट भरण्यासाठी ते मत काहीजण आजही धरून आहेत.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप निराळे आहे. दूधभाकरी, दूधपोळी, दूधभात हा मांजराचा परंपरेने ठरलेला रतीब. त्यात भाकरीचे पिष्ट आणि शिवाय दुधातली शर्करा, शंभर मिलिलिटरला साडेचार-पाच ग्रॅम. उकडलेले अंडे, नुसती वाफवलेली कोंबडी, काटे काढलेला मासा यांकडे वळणे हा त्यावरचा सरळ उपाय होय. त्याला तीन अटी. रश्श्यातली फोड धुऊन देणे चालणार नाही, कारण कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. नुसत्या मांसात चुना नसतो व शिजवण्यात टॉरिन घटते, आणि टॉरिनच्या अभावाने मांजराचे हृदय व दृष्टी दोन्ही जातात. म्हणून पूरक द्रव्ये पशुवैद्याला विचारूनच ठरवावी लागतात. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: इन्शुलिन चालू असताना आहारातील पिष्ट एकाएकी तोडले, तर कालची मात्रा आज जास्त होते. आहार आणि मात्रा यांचा बदल एकाच देखरेखीखाली व्हावा. ज्या घरात माळकऱ्यांमुळे मांसमच्छी शिजत नाही तेथे तयार ओल्या अन्नाचे पाकीट हाच मार्ग उरतो, आणि त्यातही रस्सा घट्ट करण्यासाठी पिष्ट घातलेले असू शकते. गोदामात उंदीर धरणारे मांजर या सर्व चर्चेच्या पुढे आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

वेळेविषयी तीन मते आढळतात. सुईच्या वेळीच दोन ठरावीक जेवणे, हे मत कुत्र्यांच्या उपचारातून आले. मांजर स्वभावतः दिवसरात्र थोडेथोडे खाते आणि त्याची साखर जेवणानंतर फारशी उसळत नाही, तेव्हा अन्न सदैव पुढे ठेवले तरी हरकत नाही, हे दुसरे. मार्टिन आणि रँड यांच्या १९९९ च्या निरीक्षणांचा त्याला आधार आहे. तिसरे मत व्यवहारी: सुईआधी थोडे द्यावे आणि ते खाते की नाही एवढे पाहून घ्यावे. अजिबात न खाणाऱ्या, ओकणाऱ्या मांजराला पूर्ण मात्रा देणे धोक्याचे आणि इन्शुलिन पूर्ण तोडणेही धोक्याचे, कारण कीटोनांचे विष चढू शकते. मात्रा अर्धी करावी की थांबवावी याचा निर्णय वैद्यावर सोपवण्यापलीकडे मार्गदर्शिका जात नाहीत. शेजारची आत्याबाई जाता-येता बशीभर दूध पाजते, ही बाब एकाही मार्गदर्शिकेत नाही. पण साखरेच्या रोजनाम्यात न उलगडणारे आकडे दिसले तर प्रथम तिलाच विचारावे.

उन्हाळा

न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावे आणि उघडलेली कुपी तीस अंशांखाली सुमारे चार आठवडे वापरावी, असा कारखानदारांचा दंडक आहे. परभणीचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. केनियातील दादाब निर्वासित छावणीच्या हवामानाची नक्कल करून केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पंचवीस ते सदतीस अंशांच्या चढउतारात इन्शुलिनची शक्ती चार आठवडे टिकल्याचे दिसले. पण तो निष्कर्ष चव्वेचाळीस अंशांच्या पत्र्याच्या खोलीला लागू नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात कोरड्या डब्यातून कुपी ठेवण्याची तजवीज आपल्याकडील मधुमेही माणसे करत आलीच आहेत. कुपी बर्फाला मात्र टेकू नये. गोठलेले इन्शुलिन वाया जाते.

गोळीचा पर्याय

गेल्या काही वर्षांत या सर्व चर्चेला नवे वळण लागले आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी २०२२ च्या डिसेंबरात आणि वेलाग्लिफ्लोझिन हे तोंडाने द्यावयाचे द्रवरूप औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मांजरांसाठी मंजूर झाले. सुई नाही, बारा तासांचे बंधन नाही, साखर अति उतरण्याचे भय नाममात्र. सुईच्या धास्तीने उपचारच नाकारणाऱ्या घरांना हा मोठा दिलासा आहे. उलट बाजूने, ज्यांना पूर्वी इन्शुलिन दिले गेले आहे अशा मांजरांत ही औषधे वापरू नयेत असा स्पष्ट इशारा आहे, आणि साखर साधारण दिसत असतानाही कीटोनांचे विष चढण्याचा धोका आहे. इन्शुलिनने थकलेल्या पेशींना जी विश्रांती मिळते ती या मार्गाने मिळून उपशम होतो काय, याचा निवाडा व्हावयाचा आहे. आपल्याकडे माणसांसाठी याच वर्गातील डापाग्लिफ्लोझिन स्वस्तात, गावोगावी मिळते. म्हणून ते तुकडे करून मांजराला देण्याचा मोह होणार, आणि पशुवैद्याची संमती नसेल तर तो आवरला पाहिजे. कारण या वर्गाच्या औषधांत धोक्याचा काळ मुख्यतः पहिल्या पंधरवड्याचा असतो, त्या काळात दर एक-दोन दिवसांनी लघवीतील कीटोन पट्टीने तपासावे लागतात, आणि पिंगळीचे मांजर लघवी करते ते शेताच्या बांधावर. तेव्हा या उपचाराचा विचार करणाऱ्या घराने औषधाआधी एक उथळ घमेले, त्यात थोडी स्वच्छ, न शोषणारी वाळू आणि मांजराला काही दिवस कोंडून ठेवता येईल अशी एक खोली यांची सोय करावी.